बिनतोंडाचं नाणं

माझ्या नेमणुकीच्या कागदावर ‘तांत्रिक सहायक, नाणी विभाग’ असं लिहिलेलं आहे. गावोगावी मात्र मला ‘गुप्तधनवाल्या बाई’ म्हणतात. या नावापायी आलेल्या विनंत्यांची मी एक यादी ठेवली आहे. याद्या ठेवणं हा माझा स्वभावच. कोणत्या पाहुण्याला कोणती भाजी चालत नाही याचीसुद्धा एक यादी आमच्या स्वयंपाकघरात टांगलेली असते.

तर त्या यादीत एक गृहस्थ आहेत. त्यांच्या स्वप्नात आजोबा येऊन विहिरीकडे बोट दाखवायचे. पण शेतात विहिरी दोन, तेव्हा नेमकी कोणती ते खात्याने कळवावं, असा त्यांचा अर्ज होता. एक व्याही आहेत, त्यांनी मोठ्या गुप्ततेने रुमालातून काढून दाखवलेलं सोन्याचं नाणं म्हणजे चॉकलेटवरचा सोनेरी कागद निघाला. आत चॉकलेटही होतं, फार जुनं. आणि एक आजी आहेत, निजामाच्या काळातला रुपया घेऊन आलेल्या. त्यांना तो विकायचा नव्हता. “आजून चालतो का?” एवढंच विचारायचं होतं. चालत नाही म्हटल्यावर “मग पडू दे घरात, कवातरी चालंल,” म्हणून त्या तो परत घेऊन गेल्या.

बाहेरच्यांना हे काम म्हणजे नाग, मंत्र आणि सोन्याचे हंडे वाटतं. प्रत्यक्षात ते तराजू, भिंग आणि चिकाटी एवढंच आहे. जमिनीत पुरलेलं धन सापडलं की त्याला आम्ही दफिना म्हणतो. ज्याला सापडेल त्याने तहसीलला कळवायचं, तहसीलने आम्हाला. मग मी जायचं, पंचांसमोर नाणी ताब्यात घ्यायची, प्रत्येकाचं वजन आणि दोन्ही बाजूंची चिन्हं लिहायची आणि पोहोच द्यायची. दफिना नेहमी अख्खा हवा. त्यातलं सगळ्यात नवं नाणं कोणतं, यावरून तो साधारण कधी पुरला हे कळतं. म्हणजे दफिना हा एकत्र कुटुंबासारखा. वाटण्या झाल्या की त्याला काही सांगता येत नाही.

माझे स्वतःचे नियम तीन. नाणं कधी घासायचं नाही, कारण त्यावरचं काळं पूट ही त्याची कातडी असते. जेवणाचा डबा घरून न्यायचा. आणि ज्या गावात दोन गट आहेत तिथे चहा दोन्हीकडे घ्यायचा, नाहीतर कुठेच नाही. हा तिसरा नियम मला आमच्या कोणत्याही प्रशिक्षणात कुणी शिकवला नाही. तो बीड जिल्ह्याने शिकवला.

गाव तेलगाव आणि सिरसाळ्याच्या मधलं. नाव लिहीत नाही, कारण दोन्ही गट दिवाळी अंक वाचतात आणि दोघांकडेही माझा फोन नंबर आहे.

मोठ्या दुष्काळाचं वर्ष होतं. परळीच्या एसटीतून उतरले तेव्हा फाट्यावर पाण्याचे टँकर रांगेत उभे होते आणि चारा छावणीकडे निघालेल्या बैलगाड्यांनी रस्ता भरला होता. गावचा तलाव तळापर्यंत आटला होता, म्हणून त्यातला गाळ काढायचं काम चाललं होतं. गाळ उपसताना जनाबाईच्या खोऱ्याला एक गाडगं लागलं. त्यात चांदीची नाणी होती, ओंजळभर.

जनाबाई चाळिशीची, चपळ बाई. नवरा कोयता घेऊन ऊसतोडीला पश्चिमेकडे गेलेला. ती मागे राहिली होती ती दोन म्हशींसाठी. त्या वर्षी शेतात काही उभं नव्हतं. गावातल्या निम्म्या घरांची चूल सहकारी दूध संस्थेवर चालत होती. सकाळ-संध्याकाळ संस्थेत दूध घालायचं आणि तालुक्याच्या संघाचा टँकर येऊन ते घेऊन जायचा.

मी तलाठ्यांबरोबर गावात पोचले, तर हीच बाई वेशीत वाट बघत उभी.

“तुमीच का नान्याच्या बाई?”

“हो. नाणी कुठे आहेत?”

“अर्दी अण्णाच्या घरी, अर्दी बापूच्या.”

“अशी कशी?”

“तशीच. गावात सगळं तसंच हाय आता.”

मग तिने चालता चालता सगळं सांगितलं. अण्णा दूध संस्थेचे चेअरमन. बापू त्यांचे चुलतभाऊ, संस्थेचेच संचालक. दोघांनी मिळून, घरोघर फिरून ही संस्था उभी केलेली. वर्षापूर्वी संस्थेत दूध गार ठेवायची मोठी टाकी आली. तिच्या उद्घाटनाच्या फ्लेक्सवर अण्णांचं तोंड परातीएवढं आलं आणि बापूंचं अण्णांच्या कोपराखाली, सदऱ्याच्या गुंडीएवढं. तेव्हापासून बोलणं बंद. आता संस्थेची निवडणूक लागली होती, दोन पॅनल समोरासमोर होते, आणि बापूंनी जाहीर केलं होतं की हरलो तर माझे सभासद घेऊन नवी संस्था काढीन.

“काढू द्या की,” मी म्हटलं.

जनाबाई थांबली. “बाई, टँकरवाल्यानं सांगितलंय. दूध ठराविक लिटराच्या खाली गेलं तर गाडी फाट्यावरनं आत वळनार न्हाई. एका संस्थेचं जेमतेम भरतंय. दोन झाल्या की दोघींचंबी न्हाई भरनार. मग त्यो हायच उभा.” तिने फाट्याकडे हात केला. तिथे चहाच्या टपरीला टेकून एक जीप उभी होती, रिकाम्या कॅनांनी भरलेली. खाजगी डेअरीचा एजंट. रोज येऊन नुसता बसायचा. “त्यो म्हनंल त्या भावात घालावं लागंल. आन् त्या भावात म्हशीची पेंडबी निगत न्हाई. इकाव्या लागतेल दोनी.”

मला दफिना पाहिजे होता आणि तिला टँकर. दोन्हींची अडचण एकच होती.

मी आधी अण्णांकडे चहा घेतला, मग बापूंकडे, दोन्हीकडे अर्धा अर्धा कप. दोघांनीही आपापल्या घरी मला बाजूला घेऊन एकच गोष्ट सांगितली.

अण्णा पांढऱ्या मिशांचे, भारदस्त, हातात तांब्याचं जाड कडं. म्हणाले, “मॅडम, बाकी जाऊ द्या. एक नानं लई खास हाय माज्याकडं. दोन हात एकमेकात धरलेले. एकजूट! आमच्या पॅनलच्या पत्रकावर छापायलोय.”

बापू उंच, काटक, बोलायला फटकळ. त्यांच्या उजव्या हाताच्या पाठीवर कडबाकुट्टीत लागल्याचा लांब व्रण होता. म्हणाले, “आमच्या वाट्याला जे आलंय तसं आख्ख्या गावात न्हाई. हातात हात. तळ्याच्या आईनंच कौल दिला म्हना की. पत्रक तयार हाय.”

मी दोघांनाही म्हटलं, “अर्ध्या दफिन्याची पोहोच मी देत नाही. सगळी नाणी एका जागी, एका टेबलावर, एकाच वेळी. नाहीतर मी लिहिणार की नाणी मिळाली नाहीत, आणि पुढे तहसीलदार साहेब विचारतील त्याचं उत्तर तुम्ही द्यायचं.”

जागा कोणती, यावर तासभर गेला. अण्णांची ओसरी बापूंना नको, बापूंचा गुरांचा वाडगा अण्णांना नको. शेवटी दूध संस्थेची खोली ठरली, कारण ती अजून तरी दोघांची होती. फोटो काढायला मी तेलगावचे स्टुडिओवाले सलीमभाई यांना बोलावलं. ते आत आले, टेबलाच्या दोन बाजूंना अण्णा आणि बापू बसलेले बघितले, आणि दारातच थबकले. का, ते जरा वेळाने कळलं.

मी टेबलावर पांढरं कापड अंथरलं. “दोघांनी एकदम ठेवा.” दोन पुरचुंड्या एकदम उघडल्या.

मी कपाळाला हात लावला. अण्णांची नाणी चकाकत होती, दुधासारखी पांढरी.

“काय केलंत यांना?”

“काय न्हाई,” अण्णा म्हणाले. “खरी चांदी हाय का बघावं म्हनून फॅट काढायच्या अॅसिडात बुडवली जरा.”

दुधातली फॅट मोजायला संस्थेत अॅसिडची बाटली असते. दोन हजार वर्षांच्या नाण्यांना ते स्नान घडवायचं सुचणं फक्त दूध संस्थेच्या चेअरमनलाच शक्य आहे.

“मग? किती निघाली फॅट?” बापूंनी भिंतीकडे बघत विचारलं. खोलीत कोणीतरी फिसकन हसलं.

बापूंची नाणी चिंच आणि राखेने घासलेली होती, देवघरातल्या ताम्हणासारखी. त्यांनाही मी सोडलं नाही. अक्षरं शाबूत राहिली होती हे नशीब.

मग मी भिंग काढून कामाला लागले आणि खोलीतले सगळे वाकले. ही नाणी रोमची. आकाराने आपल्या जुन्या चार आण्याएवढी. रोम इटलीत, इथून समुद्रापार. इथे कशी आली, हे लोकांना नेहमी नवल वाटतं. एके काळी पैठण आणि तेर इथलं सुती कापड बैलगाड्यांनी भडोचच्या बंदराला जायचं, तिथून गलबतांनी पश्चिमेकडे, आणि त्याच्या बदल्यात चांदी यायची. पैठण एकीकडे, तेर दुसरीकडे, आणि बीड जिल्हा मधे. वाटेतलं गाव असलं की काही ना काही सांडतंच.

बरीचशी नाणी नेहमीची निघाली. एका बाजूला राजाचं तोंड. दुसऱ्या बाजूला ढाली-भाले घेतलेले दोन तरुण, म्हणजे बादशहाचे नातू. गावाने त्यांना आधीच राम-लक्ष्मण करून टाकलं होतं. काहींवर खुर्चीत बसलेली बाई. ती अर्थातच लक्ष्मी. दोन-तीन नाण्यांवर राजाच्या गालावर छिन्नीचा आडवा घाव होता.

“ह्यो कुनी मारला?” जनाबाईने विचारलं.

“आपल्याच माणसांनी. आत तांबं तर नाही ना, हे बघायला तोडून बघायचे.”

“राजाच्या तोंडावर?”

“राजा लांब होता.”

“बरोबर हाय,” ती म्हणाली. “पारख करायची तर तोंड बघून कसं चालंल?”

तेवढ्यात माझ्या चिमट्यात अण्णांचं ते खास नाणं आलं. दोन उजवे हात, एकमेकांत घट्ट धरलेले. मी ते उलटं केलं. मागेही तेच, दोन हात. राजाचं तोंड नाही, नाव नाही. काठाने अक्षरं होती. ती मी दोनदा लावून बघितली. असं नाणं मी तोपर्यंत फक्त छापील चित्रात पाहिलं होतं. ते संस्थेच्या मेणकापडाच्या टेबलावर, अॅसिडने न्हालेलं, माझ्यासमोर होतं. मी आनंदाने ओरडले असेन, कारण तलाठी दचकून उठले.

“म्हनलं न्हवतं? खास हाय,” अण्णा मिशीवरून हात फिरवत म्हणाले.

“खास हाय ते हे,” बापू म्हणाले आणि बोटाने आपल्या ढिगातलं एक नाणं पुढे सरकवलं.

तेच. दोन्ही बाजूंना दोन हात. मी दोन्ही नाणी शेजारी शेजारी ठेवली. एक पांढरं, एक पिवळट, बाकी जुळी भावंडं. अण्णांनी बापूंच्या नाण्याकडे बघितलं, बापूंनी अण्णांच्या, आणि मग दोघांनी एकदम सलीमभाईंकडे.

“सलीम, बे!” अण्णा गरजले. “माज्या पत्रकाचा फोटो तूच काढलास ना?”

“आन् माज्याबी!” बापू.

सलीमभाईंनी कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात नीट केला. “क्या बोलू अण्णा. दोनी गिऱ्हाईक. एकाचं दुसऱ्याला सांगितलं तर धंदा कसा होनार? मी आपलं दोगांनाबी बोललो, चांगलं हाय म्हनून. हायच चांगलं.”

खोली हसली. अण्णा आणि बापू सोडून.

“बरं ते असू द्या,” अण्णा मला म्हणाले. “एकजुटीचंच हाय ना हे? तेवडं लिहून द्या म्हंजे झालं.”

मी इथे जरा विचार केला. माझं काम नाण्यावर काय आहे ते सांगायचं; गावात काय आहे ते नाही. मी नाण्यापुरतंच सांगितलं.

“एकजुटीचं आहे. पण एकजूट होती तेव्हाचं नाही. रोममध्ये एक बादशहा मेला आणि गादीसाठी आपसातच लढाई लागली. सैन्य सैन्यावर उठलं. वर्षभरात गादीवर चार बादशहा बसले.”

“एका सालात चार?” बापू म्हणाले. “आपल्याकडं एकच उठंना.”

अण्णांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

“त्यातल्या एकाचं सैन्य उत्तरेकडून राजधानीवर निघालं होतं. राजधानीतले पहारेकरी दुसऱ्याच्या बाजूचे. त्यांना फोडायला ही नाणी पाडली, असं जाणकार म्हणतात. या बाजूला लिहिलंय सैन्याची निष्ठा, त्या बाजूला पहारेकऱ्यांची निष्ठा. म्हणजे तुम्ही आमचे, आम्ही तुमचे, या इकडे. नुसतं यांनीच नाही. त्या वर्षी जो उठला त्याने नाण्यावर हातात हात घातले. जितकी भांडणं जास्त, तितके हात जास्त.”

मग सलीमभाई हळूच म्हणाले, “म्हंजे हे पत्रकच हाय की. प्रचाराचं.”

“हो. चांदीचं.”

“आन् ह्याच्यावर तोंड कावून न्हाई?” बापूंनी विचारलं. पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली होता.

“मुद्दामच नसावं. आपल्या माणसाचं तोंड छापलं असतं तर समोरचे बिचकले असते. म्हणाले असते, ह्याच्या हाताखाली कोण जाणार? म्हणून तोंड गाळलं. नुसते हात ठेवले.”

बापूंनी ते नाणं उचलून उजेडात धरलं. “बघा,” ते भिंतीला उद्देशून म्हणाले, “बादशाला कळालं, तोंड बारीक करावं लागतं म्हनून.”

“ते फ्लेक्स मी केलतं का?” अण्णा उसळले. तेही भिंतीशीच बोलत होते. “सलीमनं केलतं! मी म्हनलो, दोगांचे फोटो लाव. त्यानं लावले.”

“जागा न्हवती उरली,” सलीमभाई म्हणाले. “तुमचा फोटोच मोठा आलता, अण्णा. पासपोर्टचा आनला असता तर...”

“मग वरीसभर बोलला कावून न्हाईस?” बापू वळून थेट अण्णांना म्हणाले.

“तू इचारलास का?”

वर्षानंतरचं हे पहिलं बोलणं. भांडण होतं, पण एकमेकांशी होतं. मी नाण्यांची वजनं लिहीत राहिले. अशा वेळी हाताला काम असलेलं बरं.

“बाई,” जनाबाई मधेच म्हणाली, “मग त्या लढाईत झालं काय? ज्यानं नानी पाडली, त्यो जितला का?”

“जिंकला. पण गादी थोडेच महिने टिकली. हे एकमेकांशी लढून दमले, तोवर चौथा लांबून बघत होता. तो आला आणि बसला.”

जनाबाईने पदर खोचला आणि दारातून बाहेर बोट दाखवलं. तिथून फाटा सरळ दिसत होता, टपरी, आणि टपरीला टेकलेली जीप.

“आपला चौथा त्यो काय, च्या पिऊ लागलाय,” ती म्हणाली.

सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. एजंटला बिचाऱ्याला वाटलं आपल्याला बोलावतायत. त्याने टपरीवरून हात केला. तेव्हा मात्र अण्णांच्या पोटातून हसू आलं, मिशा हलल्या, आणि बापूंनी टेबलावर थाप मारली. दफिना उडाला. मी ओरडले.

अर्ज मागे घ्यायची मुदत अजून बाकी होती. तिथल्या तिथे ठरलं: दोन्ही पॅनलांनी जास्तीचे अर्ज मागे घ्यायचे, जागा निम्म्या-निम्म्या, निवडणूक बिनविरोध. चेअरमनकी आळीपाळीने. आधी कोण, यावर पुन्हा अर्धा तास गेला, तो मी डबा खाण्यात घालवला. आणि बिनविरोध झाल्याचं जे फ्लेक्स लागेल, त्यावर कोणाचंही तोंड नाही. नुसते हात.

“मग काढा फोटो आत्ताच,” मी म्हटलं. “सलीमभाई आहेत, उजेड आहे.”

आता आली का पंचाईत! हात मिळवायचे, पण पुढे कोणी करायचा? अण्णा मोठे, त्यांनी कसा करायचा? बापू दुखावलेले, त्यांनी कावून करायचा? सलीमभाई कॅमेरा डोळ्याला लावून उभे, आणि टेबलावरचे दोन हात आपापल्या जागी, नाण्यांसारखे पालथे.

“म्हशी वरडायल्यात माज्या,” जनाबाई म्हणाली. “धारंची येळ झाली.” आणि तिने अण्णांचं मनगट उचललं, बापूंचं उचललं, दोन्ही हात एकमेकांवर आणून वरून आपला पंजा घट्ट दाबला. खटका वाजला.

कॅमेऱ्याच्या काचेवर दिसलं ते असं: कड्याचा एक हात, व्रणाचा एक हात, आणि वरून शेणामातीचा, हिरव्या बांगड्यांचा तिसरा.

“हा वरचा काटून टाकतो,” सलीमभाई म्हणाले. “कम्प्युटरवर निगतो.”

“काढलास तर खालचे राहतेल का?” जनाबाई म्हणाली, आणि म्हशींकडे निघून गेली.

दफिना मी घेऊन आले. तो आता आमच्या तिजोरीत आहे, कापसावर, नंबर घातलेला. याचीच एक खंत आहे. ज्या गावच्या मातीने तो इतकी वर्षं सांभाळला, त्या गावाला तो रोज बघता येत नाही. म्हणून त्या दोन नाण्यांचा मोठा फोटो करून मी संस्थेला पाठवला. अॅसिडवाल्या नाण्याच्या खाली ‘अॅसिडात बुडवू नये’ असं लिहिलं.

गेल्या हिवाळ्यात परळीला जाताना मुद्दाम त्या फाट्यावर उतरले. टपरी होती, जीप नव्हती. संध्याकाळची वेळ, संस्थेपुढे कॅनांची रांग, आणि संघाचा टँकर आत वळत होता. चेअरमनकीची पाळी त्या वर्षी बापूंची. आत ते आणि अण्णा टाकीच्या थर्मामीटरवरून कडाकडा भांडत होते. मला बघून दोघांनीही एकदम चहा सांगितला. मी दोन्ही घेतले. जनाबाईकडे आता चार म्हशी आहेत. तिचा नवरा कोयता सोडून गावातच राहतो आणि धारा काढायला तिच्या हाताखाली उमेदवारी करतो.

जुनं फ्लेक्स उन्हाने विटलं, म्हणून ते चित्र त्यांनी पेंटरकडून भिंतीवरच काढून घेतलं आहे. कडं आहे, व्रण आहे, हिरव्या बांगड्या आहेत. शेजारी काचेत मी पाठवलेला फोटो. मी दोन्हींसमोर जरा वेळ उभी राहिले. सवयीने दोन्हींचं वर्णन मनात लिहीत होते: चिन्ह – हस्तांदोलन; राजाचं तोंड – नाही; नाव – नाही.

मग लक्षात आलं. रोमच्या त्या नाण्यावर प्रत्येक बाजूला हात दोनच होते, इथे भिंतीवर तीन.